सकाळचा पहिला ब्रेक

दुकानाची पायरी चढता चढताच माणूस विचारतो, "चाचा, ब्रेक पॅड चांगल्यातले कुठले?" हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी विचारतो, कशासाठी चांगले? तर तो माझ्याकडं असा बघतो की म्हाताऱ्याला धंदा करायचा दिसत नाही. मग खिशातून मोबाइल काढतो आणि कुठल्या तरी पोरानं रेसच्या गाडीला बसवलेले पॅड दाखवतो. हेच पाहिजेत म्हणतो. गाडी कुठं चालवणार, तर घर ते दूध डेअरी.

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं ब्रेकचं दुकान आहे. फक्त ब्रेक. इंजिन नाही, एसी नाही, डेंटिंग नाही. गुडघे गेले तेव्हापासून मी चाकापाशी बसत नाही. खुर्चीवरून सांगतो आणि दोघं कारागीर काम करतात. ब्रेकच्या लायनरची, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या अस्तराची, भुकटी आयुष्यभर छातीत गेली, त्यामुळं चार वाक्यं बोललो की खोकला येतो. दिवाळी अंकाचे संपादक माझं गिऱ्हाईक. त्यांच्या गाडीची डिस्क लेथवर लावलेली असताना ते म्हणाले, चाचा, लिहा की काहीतरी. मी म्हटलं, ब्रेकवर काय लिहायचं, दाबला की लागला पाहिजे, विषय संपला. ते म्हणाले, मग न लागलेल्यावर लिहा. म्हणून हा खटाटोप.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकाच्या मागं एक लोखंडी थाळी असते, ती म्हणजे डिस्क. ती चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही अंगांनी चिमटा घेणाऱ्या दोन वड्या असतात, ते पॅड. तुम्ही पाय दाबला की वड्या थाळीला धरतात आणि गाडी थांबते. गाडीचा सगळा वेग त्या थाळीत उष्णता होऊन जातो. एवढंच आहे. पण ती वडी कशाची बनवली आहे यावर सगळा खेळ. रोजच्या रस्त्याची वडी मऊ असते. थंड असतानाही धरते, आवाज करत नाही, डिस्क खात नाही. मात्र तिला एकसारखं तापवत राहिलात, तर एका हद्दीनंतर ती घसरायला लागते. घाट उतरताना पाय दाबून ठेवणाऱ्यांनी हा अनुभव घेतलेला असतो. पाय आत जातो आणि गाडी मात्र आपल्याच नादात असते.

ट्रॅकची वडी याच्या उलट. ट्रॅक म्हणजे रेस लावायचा बंद रस्ता, गोल गोल फिरायचा. तिथं माणूस प्रत्येक वळणाला भयानक वेगातून ब्रेक मारतो, डिस्क लालभडक होते. त्या उष्णतेतही धरेल अशी वडी तिथं लागते. पण ही वडी तापल्याशिवाय धरतच नाही. थंडीत सकाळी तिच्यावर पाय दिला तर ती अजून झोपेतच असते. रोजच्या गाडीला असली वडी लावणं म्हणजे फुकटचं संकट घरात आणून ठेवणं. हे मी किती जणांना सांगितलं असेल! ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुण्याला जाऊन बसवून येतात.

सगळीच गिऱ्हाइकं अशी नाहीत. पळसदेवचा एक मासळीवाला आहे, त्याच्या पिकअपमधून बर्फाचं पाणी कायम मागच्या चाकांवर गळतं. त्याला मी ताडपत्रीखाली पन्हाळ लावायला सांगून सांगून थकलो. तो म्हणतो, चाचा, पाणी गळायचं थांबलं तर तुमचं दुकान कसं चालंल? दर काही महिन्यांनी मागच्या चाकांचे गंजलेले ब्रेक-ड्रम घेऊन हजर. एकदा एक नवरदेव आला होता, लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणाला, ब्रेक बाहेरून लाल रंगवून द्या. मी म्हटलं, पॅड संपलेत, आधी ते बदलू. म्हणाला, ते नंतर बघू, आधी लाल करा, वरातीत चाकातून दिसले पाहिजेत. लाल करून दिले. पॅडही बदलले, त्याला न सांगता आणि पैसे न घेता, कारण नवरीही त्याच गाडीत बसणार होती.

भोकांच्या डिस्कचंही तसंच. चाळणीसारखी भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण आपल्याकडं ती जोरात तापवली की भोकापासून भोकापर्यंत तडा जातो. साधी, सपाट, जाड डिस्क घ्या असं मी सांगतो. ती कुणालाच आवडत नाही, कारण तिच्यात दाखवण्यासारखं काही नाही.

आता संग्रामची गोष्ट. माळेगाव बुद्रुकचा हा गडी, वडिलांचा ऊस, स्वतःची ट्रॅक्टरची वाहतूक. स्वभावानं वाईट नाही. पण त्याला गाडीचं वेड. वर्षातून दोन-तीनदा मित्रांबरोबर गाडी घेऊन मद्रासच्या बाजूला ट्रॅकवर जायचा. पहिल्या खेपेआधी माझ्याकडं आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं होतं, ट्रॅकचे पॅड तिथं जाताना बसव आणि आल्याबरोबर काढ. त्यांची डिस्कसुद्धा वेगळी ठेव, कारण एका पॅडचा थर डिस्कवर बसलेला असताना दुसरा पॅड नीट धरत नाही. तो व्हय चाचा, व्हय चाचा म्हणाला. नंतर पॅड पुण्यात बसवले आणि आल्यावर काढायचे राहिले. परत जायचंच आहे की, हा त्याचा हिशोब.

मधल्या दिवसांत ती गाडी चालवायची त्याची बायको. वैशाली नाव, शाळेत शिक्षिका. शाळा कुठं, तर बारामती ओलांडून पार इंदापूर तालुक्यातल्या कळसला. एसटीनं दोनदा बदलून जायचं म्हटलं तर पहिला तास बुडतो. गाडी होती म्हणून नोकरी होती. घरात तिच्या गाडी चालवण्याचं कौतुक होतं असं नाही. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांना ते पहिल्यापासून खटकायचं. पण चाललं होतं.

कारखाना सुरू झाला, थंडी पडली, रस्ते उसाच्या गाड्यांनी भरले. एका सकाळी ती घरातून निघाली. त्यांच्या वस्तीपासून मोठ्या रस्त्याला लागायचा उताराचा रस्ता आहे, त्याच्या शेवटी वळण. वळणाच्या पलीकडं उसानं भरलेली बैलगाडी. तिनं ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पाहिजे तिथं नाही, पुढं जाऊन. मागं बाहेर आलेला ऊस बॉनेटवरून घासत काचेपर्यंत आला. धक्क्यानं बैलगाडीचा एक बैल गुडघ्यावर बसला आणि त्याचा गुडघा सोलला. उसावर बसलेली बाई खाली आली, नशिबानं तिला लागलं नाही.

ती हबकली असेल, पण तिनं बैल उठेपर्यंत तिथंच थांबून मग घरी फोन केला. आबा आले, त्यांनी बैलवाल्याची समजूत काढली आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही, शाळेचं काय ते पुढच्या वर्षी बघू, असं सांगितलं. माळेगावात तर दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की सूनबाईनं बैल मारला. बैल चांगला उभा होता, रवंथ करत होता, पण बोलणाऱ्याला त्याचं काय!

दोन दिवसांनी संग्राम तिला घेऊन माझ्याकडं आला. बॉनेटचं काम करायला बारामतीला आलेच होते. आल्या आल्या तो हसत म्हणाला, हिचं म्हणणं ब्रेक लागत न्हाय, जरा बघा. मी गाडी वर घेऊन चाक काढायला लावलं आणि पॅड बघितल्याबरोबर माझ्या मस्तकात तिडीक गेली. ट्रॅकचे. मी संग्रामकडं बघितलं. तो म्हणाला, चाचा, भारीतले भारी पॅड हायती, मी स्वतः आत्ता चालवत आणलीय, जागेवर थांबती. आणि खोटं बोलत नव्हता. माळेगावहून बारामतीपर्यंत रहदारीतून आलेली गाडी, पॅड गरम झालेले, का नाही लागणार?

आमच्या धंद्यातली ही मोठी गोम आहे, बाहेरच्याला ती कळत नाही. ब्रेकची चाचणी आम्ही कायम गरम गाडीवर करतो. गाडी चालवतच दुकानात येते. काम झालं की मी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्याला नेतो, दहा-बारा वेळा जोरात वेग कमी करतो, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात. तोवर ते चांगलेच तापतात. मग म्हणायचं, बघा, लागला. डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरतो तसं हे. सकाळचा पहिला ब्रेक दुकानात कुणीच दाबत नाही. तो दाबतो घरातला पहिला बाहेर पडणारा माणूस.

मी म्हटलं, पॅड बदलतो, घटकाभराचं काम. कारागिरानं नवे साधे पॅड काढले सुद्धा. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"चाचा, आत्ता बदलू नका."

मला कळेना. ती म्हणाली, "आज बदललेत तर उद्या गाडी थांबेल. मग आबा म्हणतील, गाडी चांगलीच होती, हीच घाबरली. किल्ली कायमची जाईल. तुम्ही उद्या सकाळी घरी या आणि थंड गाडी आबांना दाखवा. मग बदला."

मला आधी वैतागच आला. थंडीत उठून माळेगावला जायचं, माझे गुडघे काय म्हणतील? आणि घरगुती भानगडीत ब्रेकवाल्यानं का पडावं? पण ती बरोबर बोलत होती. पॅड बदलले असते तर पुरावा माझ्याच भंगाराच्या डब्यात गेला असता. तिचा चेहरा शांत होता, पण पर्सचा पट्टा तिनं इतका पिळला होता की त्याची दोरी झाली होती. मी येतो म्हणालो.

सकाळी गेलो. धुकं, मळीचा वास, कारखान्याच्या भोंग्याच्या दिशेनं चाललेल्या गाड्यांची घुंगरं. आबा मफलर बांधून ओट्यावर बसले होते. म्हणाले, "या बशीरभाई, तुमाला कशाला तरास दिला हिनं?" मी म्हटलं, तिनं न्हाय, ब्रेकनं दिला. चहा आला. आबांनी खिशातून किल्ली काढून संग्रामला दिली आणि म्हणाले, दाखव बाबा एकदाचं.

संग्राम बसला, गाडी उतारानं निघाली. मी, आबा आणि वैशाली ओट्यावरून बघत होतो. धुक्यात मागचे लाल दिवे लागले, विझले, लागले, विझले. असं तीन-चार वेळा. मग वळणापाशी गाडी झोकात थांबली.

आबा म्हणाले, "लागतोय की!"

वैशाली म्हणाली, "आबा, वळणाआधी लाल दिवे का लागत होते?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. मला पॅड ठाऊक होते, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. संग्राम गाडी वर घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, मोकळ्या रस्त्यात ब्रेक का मारत होतास? तो म्हणाला, कुठं मारला? मग थोडं आठवून म्हणाला, व्हय, ती सवय हाय. ट्रॅकवर पहिल्या फेरीला ब्रेक गरम करून घ्यायचे असतात. पाय आपोआपच जातो.

मी विचारलं, "आन् गरम न्हाय केले तर?"

बायकोकडं बघायचं त्यानं टाळलं. मग बुटाच्या टोकानं माती उकरत हळूच म्हणाला, "हिला सांगायचं राहिलं."

राग आला मला, खरं सांगतो. एकट्या त्या पोराचा नव्हे, आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्यालाही ठाऊकच असणार असं धरून चालणाऱ्या सगळ्यांचा राग आला. आयुष्यभर असल्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या. पण आबांना अजून पुरतं कळलं नव्हतं. ते म्हणाले, एवढ्यानं काय फरक पडतोय? मी म्हटलं, गाडी थंड होऊ द्या आन् मग तुमीच बसा. आबांनी उभं आयुष्य ट्रॅक्टर आणि जीप चालवलेली, ते कशाला मागं हटतील? आम्ही आणखी एक चहा घेतला. मग अजून एक. डिस्कला हात लावला, गार लागली. आबा बसले.

ते काही वेगानं गेले नाहीत, तिच्यापेक्षा हळूच गेले. दिवे एकदाच लागले, वळणाच्या अलीकडं, आणि लागलेलेच राहिले. गाडी वळण ओलांडून सरळ पुढं गेली आणि पुढचं चाक रस्त्याकडेच्या पाटाच्या चारीत, पाण्याच्या चरात, उतरलं. संग्राम पळत गेला. मी माझ्या गुडघ्यांच्या मानानं पोचलो तेव्हा आबा दार धरून उभे होते. मफलर सुटून खांद्यावर आला होता. म्हणाले, "दगडावर पाय दिल्यागत झालं." वैशाली ओट्यावरच उभी होती, खाली आलीच नाही.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून काढली. मी तिथंच अंगणात पॅड आणि पुढच्या डिस्क बदलल्या. गुडघे टेकून, स्वतःच्या हातानं, बऱ्याच वर्षांनी. मग माझी नेहमीची पद्धत मोडून सांगितलं की रोज चालवणाऱ्यानंच आता पाय देऊन बघायचा, कारण ब्रेक ज्याच्या पायाखाली असतो त्याला तो पटला पाहिजे. किल्ली आबांकडं होती. त्यांनी ती हातात घोळवली आणि तिच्या हातात न देता ओट्यावर तिच्याजवळ ठेवली. तिनं उचलली. आबा तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मागं मी आणि संग्राम.

फेरी मारून, जोरात ब्रेक लावून लावून तिनं नवे पॅड डिस्कवर बसवले. परत येताना फाट्यावर तोच बैलगाडीवाला भेटला, रिकामी गाडी घेऊन ऊसतोडीच्या फडावर निघालेला. बैलाच्या गुडघ्याला हळद लावलेली. वैशालीनं गाडी बाजूला घेतली, ती जिथं पाहिजे तिथं थांबली. आबांनी काच खाली केली आणि त्याला ओरडून सांगितलं की सूनबाईची चूक नव्हती बरं का, गाडीचा ब्रेक गेला होता. आजूबाजूचे दोघं-तिघं ऐकतील एवढ्या मोठ्यानं. त्यांच्या परीनं ते माफी मागत होते, हे मला कळलं.

वैशालीनं गाडी बंद केली. समोर बघत म्हणाली, "ब्रेक गेला नव्हता, आबा."

मागं संग्राम खिडकीबाहेर उसाकडं बघत बसला. मग संग्राम दार उघडून खाली उतरला, बैलवाल्याजवळ गेला, त्याच्याशी काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही. बैलवाला मात्र गाडीतल्या वैशालीकडं बघत होता. तिनं गाडी सुरू केली, आम्हा तिघांना त्यांच्या घरापाशी उतरवलं आणि शाळेला निघून गेली. पहिला तास बुडालाच असणार.

मला वाटलं, संपलं प्रकरण. पण ट्रॅकचं वेड असं सुटतंय होय! उन्हाळ्यात संग्राम परत आला. या वेळी डिस्क आणि पॅड, दोन्हींची वेगळी जोडी घेऊन, अगदी मी सांगितलं होतं तशी. मी विचारलं, सकाळी गाडी कोण काढतं? आता हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, पॅड कुठले हे त्यानंतर. तो ओशाळून म्हणाला, तीच. मग म्हणाला, चाचा, ट्रॅकवरून आलो की गाडी सरळ तुमच्याकडं टाकणार. बदलून झाले की फोन मला करायचा न्हाय, तिला करायचा. तिनं होय म्हटल्याशिवाय गाडी घरी न्यायची न्हाय असं ठरलंय. हे त्यानं खाली बघून सांगितलं, पण सांगितलं.

आता माझं काम वाढलं आहे. दर खेपेला आधी बसवायचे, आल्यावर काढायचे. कारागीर कंटाळतात, मीही कंटाळतो. धंदा आता माझ्याच्यानं फार दिवस ओढवणार नाही. लोक पॅड मोबाइलवरून मागवतात आणि मला फक्त बसवून द्या म्हणतात. माझ्या खुर्चीला विचारायला येणारे कमी होत चालले आहेत. छाती बरी नसली की वाटतं, शटर ओढावं आणि घरी पडून राहावं.

परवा संग्राम ट्रॅकवरून आला. गाडी तापलेली, धुळीनं माखलेली. आम्ही जोडी बदलली, रस्त्याला नेऊन ब्रेक मारून मारून बसवली आणि मी तिला फोन लावला. म्हटलं, मॅडम, झालं काम, आणि चाचणीही घेतलीय. ती म्हणाली, ठीक आहे, न्यायला सांगा, पण उद्या सकाळी मी बघते, मग तुम्हाला सांगते.

मी म्हटलं बरं. तिनं माझ्यावर भरवसा ठेवला नाही याचा मला जरासुद्धा राग आला नाही. उलट बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच होतो, उठायचं जिवावर आलं होतं. फोन वाजला. पलीकडं गाडीच्या इंजिनाचा आवाज होता आणि लांबून बैलांच्या घुंगरांचा.

"चाचा," ती म्हणाली, "लागला."